थांबा हं

'हं' म्हणजे झाकण, असं सुईबाईंचं मत होतं. बायकोने काहीही सांगावं, नवऱ्याने पेपरातून मान वर न काढता त्यावर 'हं' ठेवावं, की विषय आतल्या आत निवून जातो. नळ गळतोय. हं. तुमच्या बहिणीचा फोन आला होता. हं. मी घर सोडून चालले. हं. हे तिसरं वाक्य त्यांनी एकदा मुद्दाम टाकून पाहिलं होतं. भिंगरावांनी 'हं' म्हणून पान उलटलं आणि थोड्या वेळाने, "येताना माझी ब्लेडं आण," असं सांगितलं. म्हणजे अर्धं ऐकलं होतं, आणि सुईबाईंना तेच जास्त लागलं.

भिंगराव आणि सुईबाई ही त्यांची खरी नावं नव्हेत, गल्लीने ठेवलेली. भिंगरावांचं चष्म्यांचं दुकान होतं, बाजाराच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानाला लागून. दुकानात त्यांच्याइतका कान देऊन ऐकणारा माणूस शोधून सापडला नसता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, डोळ्यांवर ती जड गोल चौकट चढली, की भिंगराव एकेक काच बदलत विचारायचे, "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" गिऱ्हाईक म्हणायचं, "तसं आताच बरं वाटतंय." भिंगराव त्या 'तसं'वर बोट ठेवायचे आणि काच पुन्हा बदलायचे. लांबलांबून लोक त्यांच्याकडे यायचे ते यासाठी. मात्र संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढलं की कानांचंही शटर सोबतच खाली यायचं, आणि त्याची किल्ली बहुतेक दुकानातच राहायची.

सुईबाई एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायच्या. चांगले आडदांड लोक त्यांच्यासमोर बाही वर करताना पांढरेफटक पडायचे. अशांशी बोलायची सुईबाईंची एक खास पट्टी होती, खालची आणि संथ. "मूठ सैल सोडा हं. तिकडे भिंतीकडे बघा हं. झालंच हं." हा 'हं' वेगळ्या जातीचा. नवऱ्याचा 'हं' वाक्याच्या जागी यायचा, बायकोचा वाक्याच्या शेपटाला लागायचा. एका घरात हे दोन्ही 'हं' गुण्यागोविंदाने नांदत होते, आणि त्यावरून पुढे एवढं रामायण घडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

विमानाचं खूळ भिंगरावांच्या डोक्यात शिरलं ते एका गिऱ्हाइकामुळे. हे गृहस्थ जवळच्या धावपट्टीवर हौशी लोकांना विमान चालवायला शिकवायचे. नवा चष्मा नाकावर इतका नेमका बसला म्हणून खूश होऊन त्यांनी भिंगरावांना एका सकाळी वर फिरवून आणलं. वरून भिंगरावांनी काय पाहिलं, तर स्वतःच्या दुकानाचं छप्पर. ते पावसात कुठून गळतं हे इतकी वर्षं कुणाला सापडत नव्हतं, ते वरून एका नजरेत सापडलं. खाली उतरले ते वेगळेच भिंगराव. त्यांनी रीतसर शिकवणी लावली, परवाना काढला, आणि एक दिवस घरासमोर ट्रक थांबून लांबलचक खोकी उतरली. गाडी बिचारी उन्हात गेली आणि गॅरेजमध्ये विमान आलं. तेही अजून व्हायचं होतं: पत्रे, फासळ्या, पंखांचे सांगाडे आणि पिशव्या भरभरून रिव्हेट. विमान दोन माणसांचं होतं, शेजारी शेजारी बसायचं.

ती दुसरी खुर्ची हेच खरं दुखणं. भिंगराव सगळ्यांना सांगायचे की ती बायकोसाठी आहे. ते खरंच होतं, पण का आहे ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शिकताना शेजारी कायम ते शिकवणारे गृहस्थ असायचे, तोवर सगळं झकास चाललं होतं. मग परवान्यासाठी एकट्याने उडवायची वेळ आली. शेजारची खुर्ची रिकामी. भिंगरावांनी चक्कर मारली, विमान नीट उतरवलं, चारचौघांनी टाळ्या वाजवल्या, आणि भिंगराव हसत हसत एका शेडच्या मागे गेले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. घरी येऊन सांगितलं, "लोण्यासारखं गेलं." त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं की बायको शेजारी असेल तरच आपण पुन्हा वर जाऊ शकतो. नाहीतर हे विमान म्हणजे गॅरेजातली अडगळ. बायकोला मात्र ते अधूनमधून नुसतं विचारायचे, "बसशील ना माझ्याबरोबर?" आणि सुईबाई हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "हं."

नवऱ्याचंच झाकण त्यांनी नवऱ्यावर ठेवलं होतं. भिंगरावांना त्या 'हं'चा काही केल्या अर्थ लागत नव्हता, आणि पुन्हा विचारायचा धीर होत नव्हता.

तर रिव्हेट. रिव्हेट म्हणजे टोक नसलेला, डोकं असलेला बुटका खिळा. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून आरपार भोक पाडायचं आणि त्यात तो घालायचा. बाहेरून त्याच्या डोक्यावर हवेच्या बंदुकीने तडतड ठोके द्यायचे, आणि त्याच वेळी आतून, त्याच्या शेपटावर, कुणीतरी लोखंडाचा जड ठोकळा टेकवून धरायचा. दोघांच्या कचाट्यात सापडून शेपूट चेपतं, त्याचं चपटं बटण होतं, आणि पत्रे जन्माचे बांधले जातात. ऐकायला सोपं आहे. गोम अशी की बंदूकवाला आणि ठोकळेवाला यांच्या मध्ये पत्रा असतो, त्यामुळे एकाला दुसरा दिसत नाही. ठोकळा टेकण्याआधी बंदूक चालली तर पत्र्याला पोचा येतो. ठोकळा तिरका असेल तर शेपूट एका अंगाला लवंडतं. आणि बंदूक घसरली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा व्रण उमटतो. पत्रेमामा त्याला 'हसू' म्हणायचे. "जावईबापू, पत्रा हसला बघा तुम्हाला," असं म्हणून ते स्वतः अजिबात हसायचे नाहीत.

पत्रेमामा म्हणजे सुईबाईंचे लांबच्या नात्यातले मामा. उभा जन्म विमानांचे पत्रे दुरुस्त करण्यात गेलेला. आता घरी बसून कंटाळले होते आणि दर सुटीच्या दिवशी चहाच्या वेळेला बरोबर हजर व्हायचे. पहिल्या दिवशी भिंगराव नवी बंदूक हातात घेऊन नवरदेवासारखे तयार उभे होते. मामांनी ती काढून घेतली आणि त्यांच्यापुढे एक जुना पत्रा टाकला. त्यावर वेडेवाकडे, लवंडलेले, पिचलेले रिव्हेट ओळीने मारलेले होते.

"हे काढा," मामा म्हणाले.

"मामा, मला लावायचे आहेत."

"लावणार तुम्हीच, आणि चुकणारही तुम्हीच. चुकलेला रिव्हेट काढताना भोक मोठं झालं की पत्रा गेला. आधी काढायला शिका."

झालं. डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरायचं, डोक्याच्या जाडीइतकंच आत जायचं, मग डोकं हलकेच मोडून काढायचं आणि उरलेलं धड मागे ढकलायचं. भिंगरावांच्या नाकी नऊ आले. ड्रिल घसरायचं, पत्रा हसायचा, मामा चहा प्यायचे. पण दुकानात डोळ्यांना भिंग लावून चष्म्यांचे बारीक स्क्रू फिरवणारे हात होते ते. हळूहळू वळण पडलं. सुरुवातीच्या दिवसांत भिंगरावांनी जेवढे रिव्हेट लावले त्याहून जास्त काढले, आणि याचा त्यांना अभिमान वाटायला लागला, इथवर मामांनी त्यांना आणून सोडलं.

ठोकळा धरायला आधी मेहुणा आला, सुईबाईंचा धाकटा भाऊ. मोठा हौशी. दोन सुट्यांमध्ये त्याने ठोकळा धरला, तिसऱ्या सुटीला त्याची पाठ धरली, आणि तो काखा वर करून मोकळा झाला. घोडं अडलं. मामांचे हात आता थरथरायचे, त्यामुळे ते धरणार नव्हते. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुईबाईंकडे बघून मामा म्हणाले, "घरात एवढा स्थिर हात असताना बाहेर कशाला शोधता?"

"नाहीतरी तो आवाज मला ऐकावाच लागतो," सुईबाई म्हणाल्या. "घरात बसून डोकं धरण्यापेक्षा इथे बसून ठोकळा धरते."

आणि त्यांनी तो असा धरला की मामांनी चहा ठेवून तोंडात बोट घातलं. ठोकळा फार दाबायचा नसतो आणि सैल सोडून भागत नाही. शेपूट चेपायला लागलं की तळहाताला कळतं, त्याच्याबरोबर हात जाऊ द्यायचा. कातडीखालची शीर बोटाने चाचपून शोधणाऱ्या बाईला हे कुणी समजावायला लागलं नाही. शेपटीचे छोटे भाग झाले, एक पंख झाला, दुसराही झाला. पद्धत सोपी होती. दोघांच्याही कानांत बोळे. भिंगराव ओरडायचे, "धरलास?" आतून सुईबाई म्हणायच्या, "हं." तडतडतड. "धरलास?" "हं." तडतडतड. शेजारी राहणारे वकील कुंपणावरून डोकावून एकदा म्हणाले, की तुमचा संवाद ऐकून आपल्याला आपलं घर आठवतं.

मग तो दिवस आला. काम विमानाच्या धडाचं होतं, मागे शेपटीकडे निमुळतं होत जातं तिथलं. सुईबाई आत फळीवर आडव्या झाल्या होत्या, हातात घामाने निसटणारा ठोकळा. तो त्यांनी जरा बाजूला घेतला आणि रिव्हेट सरळ बसलाय का ते बोटाच्या टोकाने चाचपलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "धरलास?"

"थांबा हं," सुईबाई म्हणाल्या.

मध्ये पत्रा, कानांत बोळे, आणि बायकोच्या वाक्याचा शेवटचा तुकडाच तेवढा ऐकायची आयुष्यभराची सवय. भिंगरावांना 'हं' ऐकू आलं. तडतडतड.

आतून "आई गं!" अशी जी किंकाळी आली ती कुणी सुईबाईंच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बाहेर पत्र्यावर भलामोठा पोचा आला होता आणि पोच्याशेजारी रुंद हसू. आणि भिंगरावांनी, देव त्यांना क्षमा करो, आधी तोंडातून काय काढलं, तर, "पत्रा गेला!"

क्षणभरानेच त्यांना काय झालं ते कळलं. ते "अगं, लागलं का?" करत फळीकडे धावले, पण क्षण जायचा तो गेला होता. सुईबाई स्वतःच्या स्वतः बाहेर सरपटत आल्या. उजव्या हाताची तर्जनी, शीर शोधायचं नेमकं ते बोट, नखापर्यंत काळंनिळं झालेलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. "तुम्ही पत्रा सांभाळा," एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या.

हाड वाचलं होतं. पण केंद्रात त्यांना रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. रोजचे येणारे लोक विचारायचे, "बाई, आज तुम्ही नाही का काढणार?" आणि सुईबाई चिठ्ठी चिकटवायच्या. घरी स्वयंपाक व्हायचा, जेवण व्हायचं, भिंगरावांनी माफी मागितली की "असू दे" हे उत्तरही मिळायचं. गॅरेजकडे मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. विमानाचा विषय निघाला की त्या उठून जायच्या. भिंगराव हिशोब करायला लागले. ठोकळा धरायला माणूस मिळेल एखादा. शेजारच्या खुर्चीत बसायला कोण मिळणार?

तरी काही दिवस त्यांनी एकट्याने धडपड करून पाहिली. मोटारीच्या जॅकवर ठोकळा चढवून तो आतून पत्र्याला टेकवला. पहिल्याच ठोक्याला जॅक आडवा झाला. मग कपडे वाळत घालायच्या काठीला ठोकळा बांधला आणि काठी पायाने रेटून धरत हाताने बंदूक चालवली. त्या आसनातून सुटायला त्यांना वकिलांना हाक मारावी लागली. वकील ठोकळा धरायला आनंदाने तयार झाले, पण 'धरलात का' या प्रश्नाला ते 'धरला आहे, मात्र' अशी सुरुवात करायचे.

सुटीच्या दिवशी मामांनी आडवा जॅक पाहिला, काठी पाहिली, पोचा आलेला पत्रा अंगठ्याने चाचपला.

"हा पत्रा काढायला लागेल," ते म्हणाले. "सगळे रिव्हेट काढा, एकही भोक न वाढवता. नवा पत्रा मागवू. आणि जावईबापू, भाचीला जरा विचारा, त्या दिवशी ती काय म्हणाली होती?"

"'हं' म्हणाली होती."

"विचारा तर," मामा म्हणाले आणि चहा न घेता गेले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे भिंगराव हादरले.

संध्याकाळी सुईबाई खिडकीशी बसून डाव्या हाताने बटण शिवायचा प्रयत्न करत होत्या. भिंगराव समोर बसले. पेपर नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

"त्या दिवशी तू नक्की काय म्हणाली होतीस?"

"कशाला आता?"

"सांग ना. सगळं सांग."

"मी म्हणाले, 'थांबा हं'."

भिंगरावांनी ते दोन शब्द मनात म्हणून पाहिले. मग म्हणाले, "मला नुसतं 'हं' ऐकू आलं."

"तुम्हाला नेहमी तेवढंच ऐकू येतं," सुईबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. तीच ती खालची, संथ पट्टी. "त्या दिवशी पत्रा मध्ये आला. एरवी तरी मध्ये काय असतं?"

यावर भिंगरावांच्या तोंडात सवयीचा 'हं' आला होता. तो त्यांनी गिळला. गिळताना त्यांचा चेहरा असा काही झाला की सुईबाईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"मी येईन गॅरेजात," त्या म्हणाल्या. "पण बंदूक माझ्या हातात. आत तुम्ही जायचं. तुमचं बोट आत असलं म्हणजे तुम्हाला ऐकू येईल."

"चालेल."

"आणि 'हं' बंद. गॅरेजात बंद आणि घरातही बंद, तुमचा आणि माझा. ऐकलेलं वाक्य पूर्ण परत म्हणून दाखवायचं. ते बरोबर असलं तर पुढे जायचं."

"ते बरोबर असलं तर पुढे जायचं," भिंगराव म्हणाले.

'हं' बंद झाला आणि घरातलं निम्मं बोलणं एका रात्रीत नाहीसं झालं. नळ गळतोय म्हटलं की भिंगराव म्हणायचे, "नळ गळतोय." आणि एकदा तोंडाने म्हटल्यावर उठून नळ बघायला जावं लागायचं. बहिणीचा फोन आला होता म्हटलं की बहिणीला फोन करावा लागायचा. बहीण तिकडे घाबरली, की याने आपण होऊन फोन केला म्हणजे कोण गेलं? सुईबाईंनाही काही सोपं नव्हतं. केंद्रात 'मूठ सैल सोडा' एवढंच म्हटलं तर लोकांना ती दटावणी वाटायला लागली, म्हणून तिथल्यापुरती त्यांनी स्वतःला सूट दिली. भिंगरावांनी दुकानासाठी तशी सूट मागितली. ती मिळाली नाही.

दरम्यान भिंगरावांनी तो हसलेला पत्रा उतरवला. एकेक रिव्हेट मन लावून काढला, एकही भोक वाढू दिलं नाही. मामांनी सगळ्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि ते दोन कप चहा प्यायले. नवा पत्रा आला. सुईबाईंचं नख गळून नवं यायला लागलं होतं, बंदुकीचा चाप ओढायला बोट तयार होतं.

आत जाण्याचा दिवस मोठा मजेशीर गेला. सुईबाई होत्या चणीने लहान. भिंगराव तसे नव्हते. "श्वास सोडून आत जा," मामांनी सांगितलं, "आणि पुन्हा न घेता राहा." खांदे गेले, पोट अडलं, पोटही गेलं, आणि शेवटी बाहेर राहिले ते मोज्यांतले दोन पाय. मामा तेवढं बघून खात्री झाल्यासारखे घरात जाऊन आडवे झाले.

आत अंधार, टॉर्चचा एक गोल, ॲल्युमिनियमचा वास. कानांत बोळे होते, तरी भिंगरावांनी कान असे टवकारले होते की बाहेर स्टूल सरकल्याचंही त्यांना कळत होतं.

"मी बंदूक टेकवलीय. ठोकळा धरलात?"

"तू बंदूक टेकवलीस. मी ठोकळा धरला."

तडतडतड.

"कसा झाला?"

"गोल झाला. लवंडला नाही."

असे एकामागून एक. सुईबाईंनी एकदाही घाई केली नाही, भिंगरावांनी एकदाही अर्धवट उत्तर दिलं नाही. लग्नानंतर इतका वेळ सलग ते दोघं एकमेकांशी बोलले नसतील, आणि तेही रिव्हेटबद्दल. अर्धी ओळ झाली तेव्हा भिंगरावांना वाटलं की आत्ता विचारावं. समोर तोंड नव्हतं, पत्रा होता. त्याने धीर आला.

"अगं, एक विचारू?"

"विचारा."

"विमान झालं की तू माझ्या शेजारी बसणार आहेस ना?"

नेहमीचं झाकण सुईबाईंनी स्वतःच बंद केलं होतं, आता ते वापरायची सोय नव्हती. बंदुकीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घरघरत होता, तो त्यांनी बंद केला. मग म्हणाल्या, "नाही."

भिंगरावांच्या हातातला ठोकळा जड झाला. पण नियम म्हणजे नियम. "तू बसणार नाहीस," ते म्हणाले.

"मला भीती वाटते."

"तुला भीती वाटते." हे म्हणताना त्यांना जाणवलं की हे वाक्य आपण या बाईबद्दल कधी मनातसुद्धा म्हटलेलं नाही. "उंचीची?"

"उंचीचं काय. तुमची वाटते." पत्र्याच्या पलीकडून आवाज अगदी सरळ येत होता. "तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही. लोण्यासारखं गेलं म्हणता. वर काही झालं आणि मी घाबरले, तर तुम्ही नेहमीसारखे पुढे बघत राहाल. तिथे वर मी एकटी घाबरलेली असणार, आणि उठून दुसऱ्या खोलीत जाता येणार नाही. म्हणून मी बसणार नव्हतेच. ठोकळा एवढा जीव लावून धरत होते तो तुम्ही एकटे वर असणार म्हणून."

भिंगराव परत म्हणायला लागले. "तू मला म्हणालीस, की तुम्हाला कशाचीच भीती..." आणि अडखळले.

"चुकीचं ऐकू आलं का?"

"ऐकू बरोबर आलं. पण ते खरं नाही."

मग त्या निमुळत्या पत्र्याच्या पोटात, टॉर्चच्या गोलाकडे बघत, भिंगरावांनी सगळं सांगितलं. रिकामी खुर्ची. हात कसे गार पडले ते. विमान उतरल्यावरच्या टाळ्या, आणि शेडची मागची बाजू. काहीही वगळलं नाही.

"तुम्ही ओकलात," सुईबाई म्हणाल्या.

"ओकलो."

"शेडच्या मागे जाऊन."

"शेडच्या मागे जाऊन."

बाहेरून चमत्कारिक आवाज यायला लागला. भिंगरावांना आधी वाटलं कॉम्प्रेसर बिघडला, मग कळलं की बायको हसतेय. चांगली पोट धरधरून, स्टूल डुगडुगेपर्यंत. त्यांना रागही आला आणि उठून बाहेर जावंसं वाटलं, पण पोट अडकलेलं होतं, त्यामुळे त्यांना तिथेच पडून ते ऐकावं लागलं. हळूहळू हसणं ओसरलं.

"आणि मी नाही आले तर?" सुईबाईंनी विचारलं.

"तर हे इथेच राहील. मी एकटा नाही जाऊ शकत. खरंच नाही जाऊ शकत."

बाहेर पावलं वाजली. बंदूक खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग त्यांच्या मोज्यातल्या पायावर एक हात येऊन टेकला. हलका, न दाबणारा, न सुटणारा.

"आधी सांगायचं ना, अहो," सुईबाई म्हणाल्या. "शूर माणसाच्या शेजारी बसायचं मला नाही जमत. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी तर मी रोज बसते. येईन मी."

भिंगराव ते परत म्हणायला गेले. घशातून आवाज निघेना. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच. सुईबाई पायावरचा हात न काढता थांबून राहिल्या. पूर्ण वाक्य कानावर आल्याशिवाय त्या पुढचा रिव्हेट मारणार नव्हत्या.